भिवाजी स्वतःलाच हसला!

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या. पायाला ठेच लागली तर काय दुखतं? पाय. दाढ किडली तर? दाढ. बरोबर! पण कुणी आपल्याला भर चौकात 'गाढव' म्हणालं – तर नेमकं काय दुखतं? कुठला अवयव? वैद्याकडे जाऊन जीभ दाखवाल की नाडी? जखम दिसत नाही, सूज नाही – आणि माणूस मात्र वर्षानुवर्षं कण्हतोय! मग दुखतंय ते कुणाला? हे दुखणं बरं होतं का?

होतं! भिवाजी इंगवल्यांचं झालं. कसं झालं, ते सांगतो.

निवडुंगवाडी नावाचं गाव. तिथे हे भिवाजी इंगवले. खाऊनपिऊन सुखी. शेतात पाणी, गोठ्यात म्हशी, प्रकृती ठणठणीत. आजार एकच – अपमान! रोज व्हायचा. कुणी रामराम उशिरा घातला – अपमान! कुणी लवकर घातला – 'कटवतोय मला!' – अपमान! लग्नाला गेले की आधी रुसायचे, मग जेवायचे. काही वेळा तर जेवून झाल्यावर आठवायचं, की अरे, आज रुसायचं राहिलंच! मग हात धुऊन रुसायचे!

हसू नका, पुढे ऐका. यांचा धाकटा भाऊ खंडू. एके वर्षी जत्रेत पुजाऱ्याच्या डोळ्यात अंगारा गेला. बिचारा डोळे चोळत पुढे आला आणि मानाचा नारळ थोरल्याऐवजी धाकट्याच्या हातात दिला. झालं! भिवाजींनी अंगणात मधोमध भिंत घातली. तुळस पलीकडे गेली, म्हणून यांनी अलीकडे दुसरं वृंदावन बांधलं. घाई अशी, की तुळस लावायला विसरले! अकरा वर्षं भावाशी शब्द नाही. आणि आई? आई राहिली पलीकडे, खंडूकडे.

आता ती म्हातारी आजारी पडली. अंथरुणाला खिळली, दृष्टी गेली. तिचा एकच घोष – "माझ्या भिवाला बोलवा."

खंडूने गड्याला पाठवलं. भिवाजी म्हणाले, "गड्याकरवी बोलावणं? मला?" गडी परत.

मग खंडूची बायको भिंतीशी आली. "भावजी, आत्याबाई सारखं नाव घेत्यात. येता का?" भिवाजी म्हणाले, "थोरल्या दिराला भिंतीवरून हाक? ही काय रीत?"

शेवटी खंडू स्वतः आला. दारात उभा राहिला, हात जोडले, "दादा, चल." भिवाजींनी त्याच्याकडे पाहिलं – तोंडाकडे नाही, पायांकडे! – आणि म्हणाले, "चपला घालून आलास?"

मंडळी, आता काय करायचं या माणसाचं! पण ऐका हं, हा दगड नव्हता. आईवर जीव होता त्याचा. दिवसभर भिंतीला कान लावून बसायचा. पलीकडे म्हातारी खोकली की याच्या घशात घास अडकायचा. चार पावलांवर आई, आणि मधे काय? विटा? छे! विटांवरून मांजरसुद्धा उडी मारतं. मधे होता 'मी'!

बायको सगुणाबाई कंटाळली. म्हणाली, "अवं, तुमचं हे दुखणं माझ्या काढ्यानं जायचं न्हाई. नदीपलीकडं गोदामाईच्या मठात जावा."

गेले. गोदामाई साधी बाई. भगवं नाही, जटा नाही. ओसरीवर भाजी निवडत बसलेली. भिवाजींनी सगळे अपमान सालवार सांगितले. दुपार कलली!

माई म्हणाली, "मोठं दुखणं आहे रे बाबा. औषध देते, पण पथ्य कडक. इथं राहायचं आणि नाव-गाव कुणाला सांगायचं नाही."

"मग लोक मला हाक काय मारतील?"

"मारतील की काहीतरी!"

आणि विळी देऊन भोपळ्यांपुढे बसवलं. तासाभरात नामकरण झालं. एक म्हातारी ओरडली, "ओ भोपळेवाले! फोडी बारीक करा, गिळायच्या का चावायच्या?" भिवाजी पेटले! जिभेच्या टोकावर आलं, 'अगं, मी इंगवले –' पण पथ्य! गिळलं. रागाने भोपळा असा चिरला, असा चिरला, की फोडी आपोआप बारीक झाल्या!

दुसऱ्या दिवशी पंगतीला एक कासार आला. गावोगाव बांगड्या भरत फिरणारा. तोंडाने मोठा गमत्या. भात कालवता कालवता म्हणाला, "एका गावच्या बायकांनी मला सांगितलं, तिथं एक असामी आहे. लग्नात जिलबी वाढली तर म्हणतो, डाव्या बाजूनं का वाढली? रुसून उठतो, मांडवाच्या दारात उभा राहतो. कुणी समजूत काढायला आलं नाही, तर स्वतःच परत येतो आणि विचारतो – अरे, मी रुसलोय, दिसत न्हाई का?"

पंगत हसली. आणि मंडळी, सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल? आपले भोपळेवाले! पोट धरून! डोळ्यांत पाणी! आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आली की ओळखू येत नाही हो! म्हणाले, "काय राव, असा माणूस असतो का कुठं?"

"असतो की!" कासार म्हणाला. "निवडुंगवाडीचा भिवाजी इंगवले!"

संपलं. हसू तोंडातच गोठलं. कासार मात्र आपल्या नादात, "आता हसू येत न्हाई बघा. आई पलीकडं शेवटच्या घटका मोजतीया, आणि ह्यो भिंतीला कान लावून बसतोय."

भिवाजी खरकट्या हाताने धावत माईकडे आले. "माई, मी हसलो. मीच मला हसलो!"

"बरं वाटलं?"

"लई बरं वाटलं! पण त्यानं नाव घेतलं आणि छातीत कळ आली."

"गोष्ट बदलली का रे मधेच?"

"न्हाई."

"ऐकणारा बदलला?"

"न्हाई. मीच की."

"मग मधे काय आलं?"

"नाव आलं, माई."

"आणि नाव यायच्या आधी जो मोकळा हसत होता, तो कोण?"

भिवाजी गप्प. मंडळी, जन्मात पहिल्यांदा गप्प, आणि रुसलेले नाहीत! हळू आवाजात म्हणाले, "माई... तो तर कधी रुसलाच न्हाई. अकरा वर्षं रुसला तो दुसराच कुणी. हा आत बसून नुसता बघत होता."

माई म्हणाली, "ऊठ. भोपळे मी बघते. तू आईकडे जा."

सुटले! होडी, बांध, पाणंद – थेट खंडूच्या दारात. बोलावणं नाही, सामोरं कुणी आलेलं नाही. सरळ आत, आईच्या अंथरुणाशी. चाहूल लागली तशी म्हातारी म्हणाली, "खंडू, आलास का रं?"

खंडू! अहो, ज्याच्यावरच्या रागात अकरा वर्षं जाळली, त्याचंच नाव! कालचा भिवाजी असता तर घराला कुलूप घालून काशीला गेला असता. हा म्हणाला, "आलो, आई." डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं.

म्हातारी पुटपुटली, "तुझ्या दादाला सांग रं, आमचंच चुकलं असंल. तेवढं तोंड दाखवून जा म्हणावं."

भिवाजींच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या कपाळावर पडलं. इतक्यात खरा खंडू दारात. "दादा!" म्हणून तो ओरडला.

म्हातारी दचकली. "दोन-दोन खंडू कुठनं आलं?"

"आई, मी भिवा."

तिने त्यांचा चेहरा चाचपला – नाक, मिशा, कान. आणि म्हणाली, "खोटं! भिवा असता तर एव्हाना रुसला असता!"

काय हसली ती माणसं! खंडू रडत हसतोय, भिवाजी हसत रडतोय, आणि म्हातारी आपली ठाम – हा भिवा नव्हे! बरं, ती त्या दुखण्यातून उठली. दोन वर्षं जगली. या थोरल्याला शेवटपर्यंत खंडूच म्हणाली, आणि हा प्रत्येक हाकेला 'ओ' देत राहिला. कळ पुढेही यायची हो, जुनं दुखणं ते! पण आली की हा आत वळून विचारायचा, 'कुणाला?' आणि ती विरून जायची.

तर मंडळी, भिवाजीला पोटभर हसलात! का हसलात? नाव इंगवल्यांचं होतं म्हणून! आता त्याच जागी आपलं नाव घाला बघू. आपला तो भाऊ, आपली ती जाऊ, जिच्याशी बोलणं बंद आहे... पाहा, मांडव कसा शांत झाला! आत्ता क्षणापूर्वी जो मोकळा हसत होता ना, तोच तुम्ही. त्याला धरून ठेवा आणि उठल्या पावली त्या दारात जा. बोलावण्याची वाट बघू नका – आणि तिथे कुणी पाणी विचारलं नाही, तर मागून घ्या!

बोला – आत बसलेल्या त्या नारायणाचा जयजयकार!