नकोशेठची रेकॉर्ड

...नाही, पण मी म्हणतो, विकायचीच नव्हती तर काचेच्या कपाटात लावलीच कशाला? तीही अशी, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर! दर शनिवारी दुपारी मी दुकानात जायचो, ती रेकॉर्ड माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे बघायचो, आणि मध्ये गल्ल्यावर बसलेले नकोशेठ आमच्या दोघांकडे बघायचे, मुलीच्या बापासारखे! आता याला दुकान म्हणायचं का, तुम्हीच सांगा!

नकोशेठ म्हणजे कोपऱ्यावरच्या त्या रेकॉर्ड-कॅसेटच्या दुकानाचे मालक. खरं नाव देव जाणे, पाटीवरचं केव्हाच पुसलं होतं. हे नाव आम्ही गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. कारण तुम्ही काहीही मागा, पहिला शब्द 'नको'! तुम्हाला सांगतो, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुकतं लग्न झालेलं, म्हटलं घरी काहीतरी नाजूक, प्रेमाचं वगैरे न्यावं, तर चष्म्यावरून बघून म्हणतात, "नको. नवीन संसार ना? मग प्रेमाची गाणी तुमची तुम्ही म्हणा. हे न्या, नाचाचं आहे." आणि नेलं की हो मी! आणि त्या एवढ्याशा खोलीत कपाटाला धडकत आम्ही दोघं नाचलो की हो! खालचे घरमालक काठीने छत ठोकत होते, आम्हाला वाटलं ताल धरताहेत...

आणि तऱ्हा कशी, ऐकवल्याशिवाय विकायचंच नाही! कोपऱ्यात एक लाकडी स्टूल. त्यावर बसायचं, ते थोरले हेडफोन कानाला लावायचे, एका कानाची गादी फाटलेली, तिथे शेठच्या बायकोने फुलाफुलांचा तुकडा शिवून दिलेला, आणि हे समोर उभे राहून आपल्या चेहऱ्याकडे बघणार. डॉक्टर जीभ बघतो तसे! पाय हलला, डोळे मिटले, काहीतरी झालं, तर बांधून देणार. नाही झालं तर रेकॉर्ड परत खणात. "तुमची नाही ही. दुसऱ्या कुणाची तरी आहे, तो येईल." अहो, गिऱ्हाईक समोर आहे, पाकीट बाहेर आहे, आणि हा न आलेल्या माणसासाठी माल राखून ठेवतोय! याला दुकान म्हणायचं?

आता ती रेकॉर्ड. कव्हरवर फक्त एक रिकामी खुर्ची. कुणीतरी म्हातारा एकटाच बसून व्हायोलिन वाजवतो म्हणे. म्हणे हं! मी कुठे ऐकलीय? मागितली की उत्तर ठरलेलं, "अजून तुमची वेळ नाही." मुलगा झाला तेव्हा मागितली, "छे, आता तर घरात रोज मैफल!" बढती मिळाली तेव्हा मागितली, "आज तुम्हाला स्वतःशिवाय काही ऐकू येणार नाही." आणि वडील गेले...

वडील गेले तेव्हा मी कुणाशीच बोलत नव्हतो. शनिवारी पाय आपोआप तिकडे वळले. म्हटलं, शेठ, आज तरी द्या. तर हा माणूस उठून कपाटापुढे आडवा उभा राहिला! "आज तर नकोच. आज ऐकलीत तर त्या खुर्चीवरून उठणार नाही तुम्ही." आणि हातात काय ठेवलं? विनोदी भाषणांची कॅसेट! मला असा राग आला, असा राग आला... घरातलं माणूस गेलंय आणि हे काय! रागारागात घरी आलो, रागारागात लावली, आणि थोड्या वेळाने आतल्या खोलीतून आईचं हसू ऐकू आलं. सगळे नातेवाईक येऊन समजावून गेले होते हो, कुणाला जमलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या माणसाला मनातून हात जोडले. पाया पडलो असतो, पण तो तेही नको म्हणाला असता!

आणि आता काय? आता फोन! जगातलं सगळं गाणं खिशात. काहीही मागा, हजर! एक शब्द उलटा बोलत नाही. वर म्हणतो, 'तुम्हाला हेही आवडेल.' अरे बाबा, तू माझा चेहरा बघितलायस का कधी? एकदा नातवासाठी अंगाई लावली, तेव्हापासून तो मला रोज सकाळी झोपवायला बसलाय! नाही म्हणणारं कुणी उरलंच नाही हो... आणि ज्याला कुणी नाही म्हणत नाही त्याची काय मजा येणार, अर्धं ऐकायचं की पुढचं, अर्धं ऐकायचं की पुढचं...

तर व्हायचं तेच झालं. आधी शेजारचं व्हिडिओ भाड्याने देणारं दुकान गेलं, तिथे चष्म्याचं आलं. मग पलीकडचं पुस्तकांचं गेलं, तिथे फोनची कव्हरं आली. नकोशेठकडे लोक यायचे ते फक्त विचारायला, "काका, चार्जर आहे का?" आणि काका म्हणायचे, "नको. जरा वेळ बंदच राहू दे तो." आणि एका शनिवारी बघतो तर दारावर पाटी! दुकान बंद होत आहे, आज शेवटचा दिवस, सर्व माल निम्म्या किमतीत. मी पाटी दोनदा वाचली. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, आज कसे नाही म्हणतात बघतो!

आत गर्दी ही! इतक्या वर्षांत न फिरकलेले सगळे हजर. एक गृहस्थ म्हणाले, "कुठल्याही सीडी द्या हो, बाल्कनीत टांगायच्यात, कबुतरं पळवायला." मी म्हटलं, आता शेठ याला हाकलतात. छे! शेठनी शांतपणे विचार केला, चांगला विचार केला, आणि अगदी खालच्या खणातून गठ्ठा काढला. "ह्या न्या. माझ्या मेहुण्याने गायलेल्या. पाहुणे उठून गेले होते, कबुतरांचं काय घेऊन बसलात!" कबुतरांसाठीसुद्धा निवडून! मग एक बाई आल्या, "भिंतीवर लावायला निळ्या कव्हरची काही आहेत का? सोफ्याला मॅच होतील अशी." शेठ म्हणाले, "बसा." झालं, स्टूल, हेडफोन, फुलाफुलांची गादी... अर्ध्या तासाने बाई उठल्या त्या डोळे पुसत, आणि नेलं काय? तपकिरी! आता सोफा बदलणार म्हणे! शेवटचा दिवस आहे, माल खपवायचाय, आणि याला दुकान म्हणायचं?

मी पुढे झालो. "शेठ. आज." माझ्याकडे बघितलं त्यांनी, बराच वेळ बघितलं. मग स्टुलावर चढले, कपाट उघडलं, बाहीने कव्हर पुसलं आणि म्हणाले, "केस पिकले तुमचे. चला, वेळ झाली म्हणू या. ऐका." आणि मागे वळले तर... प्लेअर कुठाय? आत्ताच त्या बाईंना रेकॉर्डबरोबर देऊन टाकला होता! विकायचा म्हणून विकून बसले आणि लक्षातच नाही! मी म्हटलं, असू द्या हो शेठ, तशीच द्या. "ऐकवल्याशिवाय? आज नियम मोडू? शेवटच्या दिवशी?" आणि कुलूप-किल्ली घेतली, गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, रेकॉर्ड काखेत मारली आणि माझ्याबरोबर निघाले की हो घरी!

घरी आमची ही मटार सोलत बसलेली. "आत्ता कोणाला आणलंत?" ही आयुष्यात त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. माळ्यावरून प्लेअर काढला, त्याच्यावरची धूळ पुसली, शेठनी सुई तपासली, मी आरामखुर्चीत बसलो. तुम्हाला सांगतो, उभं आयुष्य वाट बघितलेली! पहिला सूर आला, लांब, हळू... मी म्हटलं, अहाहा...

आणि जाग आली तेव्हा चहाची वेळ झाली होती!

झोपलो हो मी! त्या मेल्या फोनने सवय लावलेली! समोर ही बसलेली, मटाराचं ताट मांडीवर तसंच, गालांवर पाणी, आणि शेठ कागदात रेकॉर्ड बांधताहेत. मी हात पुढे केला. शेठ म्हणाले, "तुमची नाही. मी म्हणत होतो ना, दुसऱ्या कुणाची तरी आहे, तो येईल? तो आला नाही, मलाच यावं लागलं. घ्या वहिनी."

आणि हिने घेतली! आता ती रेकॉर्ड हिच्या कपाटात, साड्यांच्या खाली, कुलपात! दर शनिवारी दुपारी लावते. मी बाजूला टेकलो की चष्म्यावरून बघते, अगदी तशीच बघते, आणि म्हणते, "नको. अजून तुमची वेळ नाही. झोपाल. जा, जरा बाहेर फिरून या."

फिरून या म्हणे! शनिवारी दुपारी... आता कुठे जाऊ हो मी?