नलूच्या रिंगातला नारळ

...अन् तुम्हीच सांगा बायांनो, वारा आहे म्हणून कसं ऐकून घ्यावं मी? निंबाचं पान हालत नाही, दिवे लागायची वेळ, मी आपली वाती वळत बसलेली, अन् अंगणातून चेंडूचा आवाज येते... धप्... धप्... धप्... अन् मंग एकदम बंद! आता चेंडू वर गेला म्हणजे खाली तं आला पाहिजे ना? येतच नाही! मी कान देऊन बसते, आता पडन, मंग पडन... आमचे हे म्हणतात, "वारा आहे, वाढ जेवाले." शेजारची इंदूबाई म्हणते, "मांत्रिकाले दाखवा वो, कोणी तरी आहे तुमच्या अंगणात." म्हटलं, कोणी कायले, आमची नलूच आहे. तं तोंडावर हात ठेवते, "अवं माय! नलू तं घाटंजीले नांदून राह्यली, धडधाकट! जित्या माणसाचं भूत होते काय?"

होते का नाही, देवी जाणे. आवाज येते एवढं खरं.

नलू म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. हात असे लांब की फळीवरचा डबा टाचा न उचलता काढे! बासष्ट साल असंन, इथंच यवतमाळात कॉलेजात गेली, अन् तिथल्या खेळाच्या सरांनी तिच्या हाती बास्केटबॉल दिला. झालं! हे जिनात, कापसाच्या कारखान्यात कामाले, बहिणीवर भारी जीव... कापसाच्या गाठीले आवळतात ना, ती लोखंडी पट्टी आणली, गोल वाकवली, ठोकली निंबाच्या खोडाले. सकाळी धप्, दुपारी धप्. आत्याबाई, माझ्या सासूबाई, जपमाळ टाकून ओरडत, "नले, घर आहे का उखळ आहे वं हे?"

मी मात्र नलूच्या बाजूची. माझे सोमवार, शुक्रवार, चतुर्थ्या चालूच असतात, त्यात एक नवस तिचाही बोलली. म्हटलं, आई, पोरीले परमुलखात जाऊन खेळू दे, मंग तुझा नारळ उतरवीन, ओटी भरीन. आता नवसाचा नारळ लाल फडक्यात बांधून उंच टांगावा लागते, अन् नवस फिटेस्तोर त्याले हात लावायचा नाही. माळ्यावर उंदरं. मंग मले वाटलं, जिथलं काम तिथंच नारळ बरा... स्टुलावर चढली, वरच्या फांदीले दोरी बांधली, अन् सोडला की रिंगाच्या बरोब्बर मधात!

नलूनं येऊन चेंडू मारला. ठण्! परत तिच्याच कपाळावर.

"वहिनी वोऽऽ! हे काय लटकवलं?"

"नवस आहे तुह्या नावाचा!"

"पण चेंडू कुठून जाईन?"

"देवी काढंन वाट."

अन् काढली की! उतरवता तं येत नव्हता, मंग पोरगी असा उंच, असा मऊ चेंडू टाकायले शिकली, का नारळाले हळूच कडेले सारून तो अल्लद खाली. अन् कॉलेजात तं रिंग मोकळं! तिथं तिचा चेंडू चुकेच ना. सर म्हणत, "नजर कशी बसवली पोरी?" ही म्हणे, "सर, घरी देवी आडवी येते." कप आणले, कप्तान झाली, ओढणी खोचून अशी धावे का जिनातल्या बाया भाकरी बांधून खेळ पाहाले जात. अन् मंग विद्यापीठाच्या संघात नाव निघालं. जबलपूरले जायचं! मी ओटीचा खण काढून ठेवला.

त्याच हप्त्यात घाटंजीचे पाहुणे आले. पोरगी पसंत. "उंची जरा जास्त आहे, पण चालते," म्हणे. "खेळबिळ झाला तेवढा पुरे. मुहूर्त जवळचा धरा." हे म्हणाले, "बाबा, जबलपूर होऊ द्या, मंग..." तं आमचे मामाजी, माझे सासरे नागोराव, म्हणाले, "जबलपूर काय, तिथंच राह्यते. स्थळ राह्यते का?"

नलू चेंडू घेऊन उठली. अंगणात गेली. धप्... धप्... धप्... अन् बंद. मी दारातून पाह्यलं, चेंडू छातीशी धरून उभी, वर नारळाकडे पाहून राह्यली. टाकलाच नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात परत देऊन आली.

आता समजलं तुम्हाले? वर गेलाच नाही तो चेंडू, खाली कुठून येईन!

तिनं चेंडू आपटून आपटून खळगा पडला आहे अंगणात. किती मुरूम भरला, किती सारवलं, रांगोळी घातली का तिथंच खचते.

यंदा दिवाळीले आली, काखेत पोरगी. निंबाखाली उभी राह्यली. म्हणे, "वहिनी, उतरवा ना आता तो नारळ."

"नवस कुठं फिटला वं?"

"तो आता नाही फिटत."

अन् तेवढ्यात... धप्... धप्... धप्... बंद. पान हालत नव्हतं. नलू माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वारा आहे, वहिनी."

म्हटलं, असंन. पण तिच्या काखेतल्या पोरीनं नारळाकडे हात केले, अन् काय सांगू बायांनो... असे लांब हात! धड चालता येत नाही अजून तिले. म्हटलं, राहू दे लटकलेला. पाणी तं केव्हाच आटलं त्याच्यातलं, आता त्याले कायची घाई?