रिंग उचलायची नसते

(तिवस्याजवळचं तुरीचं वावर. बांधावर आयशाबी, आणि फोनवरून शेतीचा सल्ला देणाऱ्या संस्थेची आचल.)

आचल : मग राग आला का आमचा, चाची? फोन लागतो, वाजतो, अन् तुम्ही कट करता. राजापेठच्या ऑफिसात म्हणतात, ही बाई ऐकतच नाही, हिचं नाव कमी करा.

आयशाबी : नोको करू माय! तुह्याच भरोशावर तं तूर पेरली. अन् ऐकत कशी नाही? रिंग आली का कट करते, पंप पाठीवर घेते अन् औषध मारते.

आचल : रिंग आली की फवारणी? हे कोणी सांगितलं?

आयशाबी : तूच. नाव लिवलं तवा म्हनली, फवारनीच्या टायमाले फोन येईन. आला. आता तो उचलून तुह्ये पैसे काहून खर्चाचे? लेकरू तू, पगार तो केवढा!

आचल : अहो, माझे नाही जात पैसे. तुमचेही नाही. मशीन लावते तो फोन. उचलला की आतून आवाज येतो, काय करायचं ते सांगतो.

आयशाबी : बोलते तो?

आचल : बोलतो ना! दिवाळीनंतरच्या फोनात तर सांगितलं होतं, पाऊस आहे, दोन दिवस फवारू नका म्हणून.

आयशाबी : या अल्ला! अन् मी त्याच दिवशी मारलं. रिंगावर रिंगा आल्या, म्हनलं आज डबल मारा लागते. सांजच्या पान्यानं सारं धुऊन नेलं. मंग अळीनं फूल म्हनून ठेवलं नाही. आमचे हे म्हनाले, बाईच्या हाती फोन देल्ला का असंच होते. दे इकडं.

आचल : चूक आमची आहे, चाची. घाईघाईत नावं लिहून नेली, ऐकायचं कसं ते दाखवलंच नाही. मी बोलू का चाचांशी?

आयशाबी : बोलून का होते? तूर तं गेली. पन फोन मी देत नाही. माह्या फलकचा हाय तो.

आचल : फलक म्हणजे?

आयशाबी : पोरगी. वरूडले देल्ली होती. जवाई ट्रकवर, संत्रा घेऊन पार बंगलोरले जाये. त्यानं तिले नवा फोन घेऊन देल्ला तवा हा मले ठेवून गेली. म्हने, अम्मी, माह्यात पैसे नसते. मी रिंग देईन, तू कट करजो. समजजो, मी बरी हाय. रोज रिंग देत जाये. मंग पयल्याच बाळंतपनात गेली. घरी कोनी नोतं.

आचल : ...मला माहीत नव्हतं, चाची.

आयशाबी : तुले कसं माहीत राहीन? जाऊ दे. मले हे सांग, ते मशीन एकामागं एक रिंगा काहून देत होतं?

आचल : तुम्ही उचलत नव्हत्या ना. मग ते पुन्हा लावते. माणूस काय करतो? काही सांगायचंच असलं, अडलं असलं, की लावत राहतो. समोरच्यानं उचलावं म्हणून.

आयशाबी : उचलावं म्हनून?

आचल : हो. ...काय झालं? चाची, खाली बसा. पाणी देऊ?

आयशाबी : त्या दिवशी फलकनं लय रिंगा देल्ल्या, बेटी. एक कट करो का दुसरी. मी शेजारच्या मैनाबाईले हासून सांगतलं, पाह्य वं, माही पोरगी आज लय खुशीत हाय.