डावा हात

मुलांनो, समजा तुम्ही घानातल्या केप कोस्टच्या स्टँडवर, प्रवाशांनी भरायची वाट पाहणाऱ्या व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसला आहात. पुढच्या बाकावर केंकेची, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांची, टोपली घेतलेली आराबा आहे आणि तिची दहा वर्षांची भाची एकुवा फोनवर वाचते आहे.

"मावशी, लोकांनी लिहिलंय, या बाईला वळण नाही."

"मला? काय केलं मी?"

"कालच्या व्हिडिओत तू डाव्या हाताने केंके देतेस म्हणे."

"मी जन्मात कुणाला डाव्या हाताने पाणीसुद्धा दिलं नाही. डाव्या हातात तर फोन होता."

"सेल्फीचा कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो गं."

"मग लिही तसं."

"लिहिलं. कुणी वाचत नाही. शाळेच्या बाईंनी उद्याची ऑर्डरही रद्द केली."

"अगं बाई. पीठ आंबवून तयार आहे."

"नवा व्हिडिओ करू. फोनच्या दुकानातली ताई हात दाखवेल. तिची नखं काय छान आहेत."

"त्या नखांनी पीठ मळलंय का? मळणारा हात हा. दाखवायचा तर हाच."

"मग थोडं रडतेस का? रडलेलं खूप जण बघतात."

"रडायचं ते मयतीला. माल दाखवताना आधी लोकांना नमस्कार करायचा, एवढंच मला कळतं."

एकुवा हसली. उठून दाराशी गेली, फोनचा मागचा, उलटं न दाखवणारा कॅमेरा आमच्याकडे धरला आणि मला म्हणाली, "नमस्कार आजोबा. मावशी देतेय ते घ्याल का? पण खरंच खा हं, नाटक नको."