डॉक्टरांच्या रेडिओतली घरघर

माझा जन्म मंडणगडाकडचा, डोंगरातला. वाडीत सगळी मिळून अकरा घरं, आणि वीज म्हंजे पावसात कडाडते ती, दुसरी कुठली वीज असते हे आमच्या बापजाद्यांना ठाऊकच नव्हतं. चुलत्याने मला मुंबईस नेलंन, गिरणीत विजेच्या खात्यात चिकटवलंन, तिथे आठ वर्षं मी तारा ओढल्या, हात भाजून घेतले, शिव्या खाल्ल्या, आणि रत्नागिरीत वीजघर निघालं तेव्हा पहिला वायरमन कोण, तर मी, गंगाराम. काय सांगू तुमाला, गावातला पहिला दिवा माझ्या हाताने लागला, तेव्हा लोक दिव्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते. ते दिवस गेले.

गेले ते सदामुळे गेले. हे मी स्पष्टच सांगतो, तुमी तसंच लिहा. सदा मालगुंडचा, माझ्याहून सात वर्षांनी लहान, बोटीवर विजेच्या कामाला होता, ती नोकरी सोडून आमच्याकडे लागला. बोलायला मऊ, कोणाला अरेतुरे नाय, मला दादा म्हणायचा. दादा म्हटलंन की माझ्या पोटात दुखायचं. दोन महिन्यांत लोक वीजघरात येऊन विचारायला लागले, सदाभाऊ आहेत काय. मी समोर उभा, हातात पक्कड, आणि मलाच विचारतात सदाभाऊ आहेत काय. घरी बायको पण म्हणाली, सदाभावजी किती मायेने विचारपूस करतात. तिला म्हटलं, मग जा, त्यालाच जेवायला वाढ. वाईट बोललो, पण बोललो.

तर आता थेटराचं सांगतो. सिनेमाच्या थेटरवाल्याने नवीन यंत्र आणलंन, काचेचा भोपळ्याएवढा फुगा, आत पारा, चालू झाला की निळाजांभळा उजेड नाचायचा, माणसं नुसता तो बघायला यायची. पडद्यावर चित्र टाकणाऱ्या दिव्याला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, ती तो फुगा करून द्यायचा. पण तो बसल्यापासून त्या आळीची वीज बिघडली. खेळ सुरू झाला की शेजारच्या डॉक्टरांचा रेडिओ घरघरायचा, भाताच्या गिरणीची मोटर तापून वास मारायची. डॉक्टर रोज वीजघरात हजर. आमचे साहेब घाटावरचे, कडक माणूस, ते म्हणाले, ही घरघर जो काढील त्याला हेड वायरमन करतो. ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं, ती जागा माझी होती हो, पहिल्या दिव्यापासून माझी.

सदाने कारण शोधून काढलंन. म्हणाला, दादा, दर्यासारखी वीज पण लाटेनेच चालते, मोठी एकसारखी लाट. हा पारा तिचे लचके तोडतो, मग मोठ्या लाटेवर बारीक बारीक लाटा उठतात आणि तारांतून सगळीकडे फिरतात. त्यांना थेटरापाशीच उतरून जायला वाट करून द्यायची. त्यासाठी कंडेन्सर, म्हंजे तेल भरलेले पत्र्याचे डबे, आणि त्यांच्या जोडीला तारेची गुंडाळी, तिला चोक म्हणायचं, दोन्ही एकमेकांशी जुळवलेले. डबे मुंबईहून आले. गुंडाळी हा स्वतः बसून करायचा, वेढे मोजून वहीत लिहायचा, दोन काढायचा, परत एक घालायचा. मला वाटलं, सगळं नाटक, साहेबांना दाखवायला. खरं काम डब्यांचं.

एवढ्यात शिमगा आला. आमच्यात देवाची पालखी दारात येते तेव्हा घरचा पुरुष दारात पाहिजे, मुंबईचा चाकरमानी एक वेळ नोकरी सोडील पण पालखी चुकवणार नाय. वीजघरात दोघांपैकी एकालाच रजा. मी सदाला म्हटलं, तू जा, मी राहतो. त्याचे डोळे भरून आले. सणाला पुढे गावी गेलेल्या माझ्या बायकोने तिकडे पालखी एकटीने ओवाळलीन, आणि इकडे मी थेटरात सदाचे डबे तारेला जोडत होतो, चोक न लावता, नुसते डबे. साहेबांना सांगून ठेवलं, झालं बघा काम, मी केलं. दुपारचा खेळ लागला, पारा नाचला, आणि घरघर जाते कसली, दुपटीने वाढली, डबे तापले, फुगले, त्यातला एक फुटला. भिंतीवर तेल, सगळा धूर, आळीची वीज गेली, आत लोक शिट्ट्या मारतायत. मागाहून कळलं, जोडीला चोक नसला तर ते डबे त्या बारीक लाटा उलट भडकवतात.

सदा परत आला. फुटलेला डबा बघितलान, कोपऱ्यात तशीच पडलेली गुंडाळी बघितलीन, मग माझ्याकडे बघितलंन. चोक मी लावलाच नव्हता, हे त्याला कळलं. साहेबांनी विचारलं, चूक कोणाची. मी मनात म्हटलं, संपलं, नोकरी गेली. तर हा म्हणतो, साहेब, दादांनी माझ्या वहीप्रमाणे जोडलं, वहीत मीच चुकीचं लिहिलं होतं. साहेब त्याला सगळ्यांसमोर नाय नाय ते बोलले, त्याने मान खाली घालून ऐकून घेतलंन. नवा डबा आल्यावर चोकासकट सगळं जोडलंन, पारा नाचला, आणि डॉक्टरांच्या रेडिओत बाई स्वच्छ गायली. हेड तोच झाला.

मी त्याला एकटा गाठला. म्हटलं, का केलंस असं, मला तुझे उपकार नकोत. तो म्हणाला, दादा, तुमी स्वतःची पालखी सोडून मला माझ्या घरी धाडलंत, एवढं कोण कोणासाठी करतं.

रजा मी त्याला कशासाठी दिली ते त्याला आजपण माहीत नाय.

आता मी त्याच्या हाताखाली. दर शिमग्याला तो मागे राहतो आणि मला गावी धाडतो, जाताना पोरांसाठी काहीतरी हातात देतो. पालखी दारात येते, मी नारळ ठेवतो, गुरव गाऱ्हाणं घालतो, मी पोराबाळांचं मागतो. आणि मनात, खोटं कशाला बोलू तुमाला, मनात म्हणतो, देवा, एकदा, एकदाच त्याचा चोक जळू दे. मग देवाने ऐकलंन की काय अशी भीती वाटते, आणि घाईघाईने म्हणतो, त्याला सुखी ठेव. पण हे शेवटचं मी मनापासून म्हणत नाय.