पत्र्यावरचं वंगण

मी मूळची अक्कलकोटाकडच्या खेड्यातली, घरात बोलणं कानडी आणि शाळेतलं पुस्तक मराठी, त्यामुळं रडायची भाषा एक आणि वाचायची दुसरी, अशी लहानपणापासूनची सवय. सातवीपर्यंत शिकले, मास्तर रोज माझ्याकडून मोठ्यानं धडा वाचून घेत, म्हणून जिभेला हे पुस्तकी वळण लागलं ते लागलंच. सासूबाई हसायच्या, शेजारणीला सांगायच्या, आमची सून भांडती ती बी निबंधासारखं. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा या गावाची पहिली ओळख झाली ती वासानं, सुताला लावलेल्या आंबूस खळीच्या वासानं, मग मागांच्या खटखटीनं, आणि त्यानंतर, काय सांगू ताई तुम्हाला, यांच्या खोकल्यानं.

हे गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथं कापूस पिंजला जातो आणि त्याचा बारीक धुरळा हवेत असा तरंगत राहतो की माणूस तो पितच असतो, पाण्यासारखा. संध्याकाळी हे घरी यायचे तेव्हा पापण्या पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, आणि छातीत शिट्टी वाजायची, लांबून येणाऱ्या आगगाडीसारखी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बसून करायचं काम बघा, या खात्यात राहिलात तर ही छाती टिकायची नाही. बसून करायचं काम गिरणीत कुठलं? तरी देवाची कृपा, यांच्या बोटांत कसब होतं. बंदुकांचं परवानाधारक दुकान होतं एका शेठचं, त्यांच्याकडे यांनी आधी सुट्टीच्या दिवशी बंदुकीचे लाकडी दस्ते घासायचं काम केलं होतं. शेठ म्हणाले, संगप्पा, गिरणी सोडा की, घरी बसून दस्ते घासा आणि गोळीचं वंगण करून द्या, बाजारात कुणाला नीट जमत न्हाय.

तुम्हाला बंदुकीतलं कळत नसेल, मलाही कळत नव्हतं. शेतकऱ्यांकडे पीकराखणीची ठासणीची बंदूक असायची, ज्वारीत रानडुकरं शिरतात म्हणून. तिच्यात दारू घालायची, मग शिशाची गोळी चिंधीत गुंडाळून गजानं ठासायची, आणि ती चिंधी वंगणात भिजलेली हवी, म्हणजे गोळी नळीत सरकते. दारू आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही, ती दुकानातच कुलुपात. आमच्याकडे फक्त वंगण. दुकानाची रीत मधमाशांच्या मेणात बकऱ्याची चरबी वितळवायची. आता आम्ही लिंगवंत माणसं, मांसाला न शिवणारी, दोन खोल्या, एका खोलीत सासूबाईंची पूजा आणि दुसरीत माझी चूल, त्यात चरबी कुठं वितळवायची? म्हणून यांनी चरबीच्या जागी घरातलं करडईचं तेल घेतलं. शेठनं डबी उघडली, बोटावर चोळून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, ह्ये तर लई झ्याक हाय, ह्याला भाकरीसंगं खाता बी येईल.

पण तापवायचं कसं, हा खरा प्रश्न होता. पहिल्यांदा स्टोव्हवर थेट वाटी ठेवली. मेण वितळेपर्यंत घरभर मधाच्या पोळ्याचा, सुकलेल्या फुलांचा वास दरवळला, आणि पुढच्या क्षणी निळा धूर उठला. बघता बघता वाटीतच जाळ. शेजारच्या नरसम्माच्या घरात आढ्यापासून जमिनीपर्यंत सुताच्या लडी टांगलेल्या, मध्ये नुसती कुडाची भिंत. यांनी वाटीवर ताट झाकलं म्हणून निभावलं, मात्र त्या धुरानं यांची छाती जी आवळली ती दोन दिवस सुटली नाही. नरसम्मा दारात उभी राहून म्हणाली, अक्का, तुमचा दादा बंदुकीशिवायच आम्हाला उडवतो की काय. त्यानंतर हे रोज नवी युक्ती काढत. पातेल्यात पाणी उकळवून त्यात दुधाची चरवी बसवली; जाळ लागेना, धूरही होईना, पण वाफेनं खोली कोंदायची आणि यांचा दम वाढायचा. मग शेगडीवर घमेल्यात वाळू तापवून तिच्यात वाटी पुरली. वाळूचं काम बरं, तरी कोळशाचा धूर आलाच. उष्णता हवी आणि धूर नको, वाफ नको, जाळ नको. एवढं मागणं चुलीजवळ कुणाचं पुरं होतं?

ते पुरं केलं उन्हानं. आमच्या सोलापूरच्या चैत्र-वैशाखातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, पत्र्यावर पाय ठेवला तर कातडी मागं राहते. यांनी तेलाच्या डब्याची आडवी पेटी कापली, आतून काजळी फासली, वर झाकायला काच हवी होती ती महादेवाच्या तसबिरीची काढली. सासूबाई म्हणाल्या, शिव शिव, संगू, देवाला उघडा करून बंदुकीला झाकतोस व्हय रे? हे म्हणाले, अव्वा, देवाला कैलासावरच्या थंडीची सवय आहे, त्याला काय होणार. ती पेटी पत्र्यावर ठेवली आणि दुपारपर्यंत मेण आपसूक वितळलं, ना आवाज, ना धूर, नुसतं मधासारखं पिवळं पाणी काचेखाली थरथरत होतं. हे शिडीवरून उतरले, माझ्यासमोर उभे राहिले आणि एक लांब श्वास घेतला, छातीत शिट्टी न वाजता. लग्नानंतर मी तो श्वास पहिल्यांदा ऐकला. ताई, काही माणसांना दागिना मिळतो, मला तो श्वास मिळाला.

दोन उन्हाळे आम्ही सुखात काढले. हे तेल आधीच काही दिवस उन्हात ठेवायचे, कारण उन्हात ते निवळायचं आणि घट्टही व्हायचं, बोटाला धरलं की तार यायची. घट्ट झालं म्हणजे कस आला, असं यांना वाटे, मलाही वाटे. तूप घट्ट चांगलं, काकवी घट्ट चांगली, मग तेल का नाही? आणि माझ्याच घरात करडईच्या डब्याच्या तोंडाशी पिवळा चिकट थर जमायचा, राखेनं घासला तरी सुटायचा नाही, नखानं खरवडावा लागायचा. तो थर रोज डोळ्यांसमोर होता. पण डब्याचं तोंड वेगळं आणि बंदुकीची नळी वेगळी; दोन्हींत तेच तेल आहे हे कुणाच्या मनात यावं?

मोठ्या दुष्काळानंतर ज्वारी बरी आली, तसे राखणीवाले बंदुका भरून ठेवू लागले. डुक्कर आलं नाही तर बंदूक तशीच भरलेली राहायची, दिवसच्या दिवस. नळीत आमचं वंगण हळूहळू वाळत गेलं आणि लाखेसारखं बसलं. मंगळवेढ्याकडचा एक शेतकरी पहिला आला. गज घालून गोळी काढायला गेला तर हलेना, म्हणून भरलेली बंदूक घोंगडीत गुंडाळून, काखेत तान्हं मूल धरावं तशी धरून एसटीनं घेऊन आला. शेठनं दुकानात बंदुकीच्या कानातून, म्हणजे बत्तीच्या भोकातून, गरम पाणी सोडून दारू भिजवली, तेव्हा कुठं सगळ्यांचा जीव खाली आला. मग आणखी एक आली, आणखी एक. शेठ आमच्या घरी आले, उन्हातून आलेले, पण पाणी घेईनात. म्हणाले, संगप्पा, माणूस तुमी लाखातले, पर उद्या एखादी नळी फुटली तर? कुणाचा डोळा जाईल, कुणाचा हात. तेल बंद. चरबीचं करून देत असाल तर काम तुमचं, न्हायतर मला दुसरा माणूस बघावा लागंल.

ते चुकीचं काहीच बोलले नाहीत. तेच तर अवघड होतं, रागावायलासुद्धा कुणी नव्हतं.

सासूबाई आत ऐकत होत्या. शेठ गेल्यावर त्यांनी दोन लुगडी पिशवीत भरली, पूजेची पेटी वर ठेवली आणि म्हणाल्या, मी लेकीकडं जाते अक्कलकोटला, माझ्या मागारी तू काय बी वितळव, मला दिसलं न्हाय म्हणजे झालं. यांनी पिशवी हातातून घेतली, म्हणाले, ब्याड अव्वा, नको, तू कुठं जायचं नाहीस. नरसम्मा आली, म्हणाली, दादा, आमच्याकडं सगळं चालतं, माझ्या परसात वितळवा, भांडं माझं, सरपण माझं, तुम्ही नुसतं ढवळा. केवढ्या मायेनं म्हणाली ती. हे आपल्या डाव्या तळहाताकडं बघत बसले. मग म्हणाले, नरसम्मा, सकाळी पूजेला या तळव्यावर लिंग घेऊन बसतो मी. त्याच तळव्याला ते लागणार. धुतलं तर जाईल, पण मला वाटतच राहणार की गेलं नाही. मला वाटत होतं ओरडावं, तळव्यापेक्षा छाती मोठी आहे असं सांगावं. पण ते कानडीत सांगावं की मराठीत? ज्या माणसाला रोज सकाळी डोळे मिटून तळहात पुढं धरून बसलेला पाहिला, तेवढाच वेळ ज्याचा श्वास शांत चालायचा, त्याला त्याच तळहाताचा नेम मोडून जग असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

हे पुन्हा गिरणीत गेले. बदली कामगार म्हणून घेतलं, आणि खातं तेच मिळालं.

मागच्या हिवाळ्यात तो मंगळवेढ्याचा शेतकरी आला होता, हुरड्याची कणसं घेऊन, राग धरणारा माणूस नव्हे. चहा पिता पिता म्हणाला, पाव्हणं, आमच्याकडं एका म्हाताऱ्यानं सांगितलं, करडईच्या जागी एरंडेल घातलं असतं तर कदी वाळलं नसतं, गाडीच्या आसाला आमी त्येच घालतो की. आणि एकाएकी हे हसायला लागले. अव्वा, लहानपणी तू मला नाक दाबून पाजायचीस ते गं, म्हणाले, तेव्हा नको नको म्हटलं, बघ त्यानं कसा सूड घेतला. सासूबाई हसल्या, पाहुणा हसला, मीही हसले, आणि हसता हसता यांचा खोकला लागला तो थांबेना, पाहुणा बिचारा कणसं हातात धरून उभाच. शेठकडं तोवर दुसरा माणूस बसलेला, चांगला कामसू माणूस, लेकराबाळांचा. त्याला उठवा म्हणून सांगायला हे गेले नाहीत, मीही जा म्हटलं नाही.

आता हे आडवं होऊन झोपू शकत नाहीत. चादरीची गुंडाळी करून पाठीला लावते, भिंतीला टेकून बसतात, तसाच डोळा लागतो. सासूबाई पलीकडून विचारतात, झोपला का गं, मी हो म्हणते. देवाकडं मी काही मागत नाही, मागायचं म्हटलं की कुणाकडून तरी काढून घ्यावं लागणार असं वाटतं. मी नुसती शेजारी बसते, यांचा श्वास आत जातो तेव्हा माझा थांबतो, यांचा बाहेर आला की माझा सुटतो. तुम्ही एवढ्या लांबून आलात, ऐकून घेतलंत, बरं वाटलं. जाताना सावलीच्या बाजूनं जा ताई. तुमच्या घरातल्या सगळ्यांना पोटभर श्वास मिळो, आणि तो येतो-जातो हे त्यांना कधी कळूही नये.