फुसाएच्या घरातलं मेपल

निसर्ग आणि घर यांच्यात जपानी माणूस भिंत मानत नाही, असे थोर लोक सांगतात. टोकियोतल्या सार्वजनिक स्नानगृहाचे दार उघडण्याची वाट पाहणारे कुवाबारा मात्र भिंती मानत होते. त्यांच्या पुढे दोन म्हाताऱ्या मैत्रिणी उभ्या होत्या.

"योशिनो, माझ्या लेकाने बांधलेलं घर बघायला परदेशातून माणसं आली. तू याच गल्लीतली, मी वर्षभर बोलावतेय, तरी येत नाहीस!"

"दोन मोटारी उभ्या राहतील एवढ्या जागेत बघायचं काय, फुसाए?"

"मधोमध मेपलचं झाड आहे. वर छप्परच नाही. जेवताना पानं ताटात पडतात."

"आणि पाऊस?"

"तोही पडतो. पाहुणे म्हणाले, किती सुंदर!"

"ते हॉटेलात उतरले असतील."

"जळतेस! तुझ्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते."

"कोरडी असते गं ती. सुखी आहेस ना तिथे?"

"जन्मभर एका खोलीत दाटीने झोपले, लोकांच्या पाठी बघून उठले. आता डोळे उघडले की आभाळ दिसतं. लेकाने दिलं."

"...उद्या येते."

"ये. जाड मोजे घाल."

कुवाबारांनाही ते घर बघायला जावेसे वाटले. तेवढ्यात दार उघडले.

"फुसाए, माझ्या खोलीला न्हाणीघर नाही, म्हणून मी इथे येते. तू रोज माझ्या सोबतीला येतेस होय?"

"छे गं. एवढ्या जागेत न्हाणीघर आणि झाड दोन्ही मावेनात. झाड ठेवलं."